पंखांची कील आणि हातचे गेलेले ५७ सेकंद

शिडाच्या होड्यांच्या शर्यतींबद्दल बोलायचं ठरलं, की श्रोत्यांमधून कोणीतरी हमखास विचारतं, “ती पंखांच्या कीलची गोष्ट, तीच ना?” हो, तीच. १९८३, न्यूपोर्ट, ऑस्ट्रेलिया टू. पण आज आम्ही ती गोष्ट सांगायला आलेलो नाही. ती तपासायला आलो आहोत. कारण अनेक वर्षं आम्हीही ती जशीच्या तशी सांगत होतो, आणि आता आम्हाला वाटतं की ती अर्धीच खरी आहे. अर्धी खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते, म्हणून तिची तपासणी जरा सावकाश करावी लागते.

आधी गोष्ट काय आहे ते थोडक्यात. अमेरिकाज् कप हा चषक १८५१ साली इंग्लंडच्या वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाच्या स्कूनरनं जिंकला. तिथून तो न्यूयॉर्क यॉट क्लबकडे आला आणि १३२ वर्षं तिथेच राहिला. एकामागून एक आव्हानवीर आले आणि हरून गेले. मग १९८३ मध्ये पर्थहून एक होडी आली. तिच्या पोटाखाली काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून ती पाण्याबाहेर काढली की भोवती कापडाचा पडदा लावत. बेन लेक्सन या डिझायनरनं तिला पंख असलेली कील बसवली होती. त्या कीलमुळे ती जिंकली. संपली गोष्ट.

ऐकायला छान वाटते. यात रहस्य आहे, पडदा आहे, एक अवलिया आहे आणि गर्विष्ठ राजवाडा कोसळतोसुद्धा. सिनेमावाल्यांना यापेक्षा जास्त काय लागतं? पण ‘त्या कीलमुळे’ या दोन शब्दांवर आमचा आक्षेप आहे.

तो समजायला आधी कील म्हणजे काय ते बघू. होडीच्या तळातून खाली पाण्यात उतरलेला तो जड कणा. त्याची कामं दोन. वारा बाजूनं ढकलत असताना होडीला आडवं सरकू न देणं हे पहिलं, आणि शिडांच्या जोरानं ती कलंडायला लागली की खालच्या वजनानं तिला सावरणं हे दुसरं. नेहमीची कील वरून, म्हणजे होडीला चिकटते तिथे, रुंद आणि खाली निमुळती असते. लेक्सनची कील उलटी होती. वर आखूड, खाली लांब. अशी कील नुसती ठेवली तर खालच्या टोकाशी पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळसे घेत पळतं आणि होडीचा वेग खातं. ते अडवायला खालच्या टोकाला दोन्हीकडे शिशाचे पंख लावले. त्यामुळे वजन खूप खाली गेलं, कीलचा पाण्यातला पसारा कमी झाला आणि होडी पटकन वळायला लागली.

आता यातली खरी मेख. या शर्यती तेव्हा ‘बारा मीटर’ वर्गाच्या होड्यांमध्ये होत. बारा मीटर ही होडीची लांबी नाही, ते एका सूत्राचं उत्तर आहे. लांबी घ्यायची, त्यात घेराच्या फरकाची दुप्पट मिळवायची, शिडांच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ मिळवायचं, पाण्यावरच्या काठाची उंची वजा करायची आणि सगळ्याला २.३७ नं भागायचं. उत्तर बाराच्या वर जाता कामा नये. म्हणजे हा एक सौदा झाला. लांबी हवी तर शीड कमी करा, शीड हवं तर लांबी सोडा. लांब होडी जोराच्या वाऱ्यात वेग धरते, मोठं शीड मंद वाऱ्यात कामाला येतं. प्रत्येक डिझायनर याच सौद्यात अडकलेला. लेक्सननं काय केलं? वजन खाली नेल्यामुळे लहान आणि हलकी होडीसुद्धा शीड पेलू शकली. पंख हे दिसणारं वैशिष्ट्य होतं. लहान होडी हा खरा निर्णय होता. आमच्या मते लेक्सनला दाद द्यायची ती या निर्णयासाठी द्यायला हवी, आणि लोक दाद देतात ती पंखांना.

आता गुणफलक उघडू. सात शर्यतींची मालिका, आधी चार जिंकेल तो विजेता. समोर अमेरिकेची ‘लिबर्टी’, सुकाणूवर डेनिस कॉनर. ऑस्ट्रेलिया टूच्या सुकाणूवर जॉन बर्ट्रंड. पहिली शर्यत लिबर्टीनं जिंकली. ऑस्ट्रेलिया टूच्या सुकाणूच्या यंत्रणेतली पुली तुटली. दुसरीही लिबर्टीनं जिंकली. या वेळी ऑस्ट्रेलिया टूच्या मोठ्या शिडाचा माथ्याकडचा भाग निकामी झाला. तिसरी ऑस्ट्रेलिया टूनं ३ मिनिटं १४ सेकंदांनी जिंकली. इथे सगळ्यांना कळलं की होडी म्हणून ती वेगवान आहे. आणि चौथी? चौथी पुन्हा लिबर्टीनं, ४३ सेकंदांनी.

या चौथ्या शर्यतीवर आम्हाला क्षणभर थांबायचंय. पंखांची गोष्ट सांगणारे ही शर्यत एका ओळीत उरकतात. पण कोणतीही मोडतोड न होता, वेगवान होडी कमी वेगाच्या होडीकडून हरली. कशी? कॉनरनं सुरुवात अचूक साधली, पहिल्यांदा पुढे गेला आणि मग शेवटपर्यंत प्रतिस्पर्धी आणि पुढचा बोया यांच्या मधे राहिला. याला या खेळात ‘कव्हर’ करणं म्हणतात. वाऱ्याच्या तोंडावर जाताना पुढच्या होडीच्या शिडांमागे वारा विस्कटलेला असतो. मागची होडी त्या खराब वाऱ्यात सापडली की कितीही चांगली असली तरी हळू होते. ती बाजूला निसटायला वळली की पुढचाही वळतो, तिच्यावर पुन्हा सावली धरतो. बुद्धिबळात घोड्याला कोपऱ्यात कोंडावं, तसं. कीलला पंख असोत नाहीतर पिसारा असो, सावलीत वारा मिळत नाही.

तर हिशेब ३–१. कॉनरला फक्त एक शर्यत हवी होती. पाचव्या शर्यतीत लिबर्टीच्या डोलकाठीला आधार देणारा एक भाग मोडला आणि ती हरली. म्हणजे नशीब दोघांकडेही येऊन गेलं. सहावी ऑस्ट्रेलिया टूनं ३ मिनिटं २५ सेकंदांनी जिंकली. ३–३. असा प्रसंग त्या १३२ वर्षांत कधी आला नव्हता.

सातवी शर्यत, २६ सप्टेंबर १९८३. वारा मंद आणि चंचल. मार्ग २४.३ सागरी मैलांचा, टप्पे सहा. चार टप्पे झाले तेव्हा लिबर्टी ५७ सेकंदांनी पुढे होती. पाचवा टप्पा वारा पाठीवर घेऊन, साडेचार मैल. तो संपला तेव्हा ऑस्ट्रेलिया टू २१ सेकंदांनी पुढे होती. एका टप्प्यात ७८ सेकंदांचा फरक पडला. शेवटच्या टप्प्यात कॉनरनं ४०हून अधिक वेळा होडी वळवून सुटायचा प्रयत्न केला, बर्ट्रंडनं प्रत्येक वेळी उत्तर दिलं आणि ४१ सेकंदांनी चषक गेला.

आता प्रश्न असा, की ती उलथापालथ पाचव्या टप्प्यातच का झाली? पंखांची कील ज्यासाठी नावाजली गेली ते गुण मुख्यतः वाऱ्याच्या तोंडावर चालताना आणि वळताना दिसतात. पाठीवर वारा असताना होडी कलत नाही, आडवी सरकत नाही. तेव्हा पंख म्हणजे पाण्यात ओढत न्यायचं जास्तीचं ओझं. म्हणजे ज्या टप्प्यात ऑस्ट्रेलिया टूनं चषक जिंकला, त्या टप्प्यात तिची कील तिला थेट मदत करत नव्हती. गोष्टीच्या मर्मावरच ही विसंगती आहे आणि गोष्ट तिच्याकडे बघतच नाही.

मग मदत कशानं केली? इथे शिडाची निगा येते, ज्याला ‘ट्रिम’ म्हणतात. मंद वाऱ्यात पाठीवर वारा घेऊन चालणं सोपं वाटतं, पण फार फसवं असतं. समजा वारा ८ नॉटचा आहे आणि होडी सरळ वाऱ्याच्या दिशेनं ५ नॉटनं चालली आहे. शिडाला जाणवणारा वारा किती? फक्त ३ नॉट. होडी स्वतःच्याच वाऱ्यापासून पळत असते. म्हणून चांगला सुकाणूवाला थोडा तिरका जातो. अंतर वाढतं, पण शिडाला जाणवणारा वारा वाढतो आणि वेग येतो. झुळूक आली की त्या वेगावर तो पुन्हा खाली, बोयाच्या दिशेनं उतरतो. झुळूक ओसरली की पुन्हा थोडा वर. हे किती करायचं ते त्याला एकट्याला कळत नाही. स्पिनेकर या फुगलेल्या मोठ्या शिडाची दोरी ज्याच्या हातात असते, त्याला ते आधी कळतं. शिडाची कड नुकती मुडपायला लागेल इतकी दोरी सैल ठेवायची, मुडपली की खेचायची. दोरीत ताण वाढला की सांगायचं, “जोर आला.” कमी झाला की सांगायचं, “जोर गेला.” साडेचार मैल हे असंच चालतं. ऑस्ट्रेलिया टूची शिडं टॉम श्नाकेनबर्ग या न्यूझीलंडच्या माणसाच्या देखरेखीखाली घडली होती. ती त्या हंगामातल्या उत्तम शिडांत गणली गेली. पण त्याचं नाव किती जणांना माहीत असतं? शिडं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, कील पडद्याआड होती. लोकांनी पडद्यामागचं लक्षात ठेवलं.

दुसरी गोष्ट वारा कुठे आहे ते बघण्याची. मंद वाऱ्यात समुद्रावर वारा सगळीकडे सारखा नसतो. तो पट्ट्यापट्ट्यांनी येतो. जिथे पाणी गडद दिसतं तिथे तो असतो. पाठीवर वारा असताना तो मागून येतो, म्हणजे मागच्या होडीला आधी मिळतो. त्या टप्प्यात दोन्ही होड्या वेगळ्या बाजूंना गेल्या आणि ऑस्ट्रेलिया टूला तिच्या बाजूला जास्त वारा मिळाला. तिचे डावपेच बघणारा ह्यू ट्रेहार्न पाणी वाचत होता. डोळ्यांनी, उभं राहून.

आता कॉनरकडे वळू. नेहमीची टीका अशी, की चौथ्या शर्यतीत ज्यानं सावली सोडली नाही त्यानं सातवीत प्रतिस्पर्ध्याला मोकळं सोडलंच कसं? आमचं म्हणणं, ही टीका सोपी आहे आणि थोडी अन्यायाचीही आहे. पाठीवर वारा असताना सावलीचा नियम उलटा होतो. आता मागची होडी पुढचीचा वारा अडवते. शेजारी राहायचं आणि समोरची होडी अशा वाऱ्यात जास्त वेगानं चालते हे माहीत असेल, तर शेजारी राहणं म्हणजे हळूहळू गिळलं जाणं. वेगळ्या बाजूला जाणं म्हणजे जुगार, पण त्यात निदान आशा आहे. कॉनरपुढे सुरक्षित आणि धोक्याचा असे दोन रस्ते नव्हतेच. दोन्ही रस्ते धोक्याचे होते. त्यातला एक त्यानं निवडला आणि तो हरला. निकालावरून निर्णय जोखायचा ही प्रेक्षकाची सवय आहे. समीक्षकाला ती परवडत नाही.

इथे कोणीतरी आम्हाला पकडेल, आणि पकडायलाच हवं. “म्हणजे शेवटी होडी वेगवान होती म्हणूनच ना? लहान, हलकी होडी कीलमुळेच शक्य झाली असं तुम्हीच मघाशी म्हणालात.” बरोबर आहे. आम्ही ते मागे घेत नाही. पण बघा, कीलचं काम आता कसं दिसतंय. कीलनं शर्यत जिंकली नाही. कीलनं कॉनरच्या पुढच्या पर्यायांची किंमत वाढवली. जो डाव एरवी स्वस्त असता, तो महाग केला. आणि बर्ट्रंडच्या माणसांना एक चूक पचवण्याइतकी जागा दिली. डिझाइन, शिडाची निगा आणि डावपेच हे तीन वेगळे विषय आहेत असं आपण पुस्तकात शिकतो, तीन प्रकरणं असतात. पाण्यावर तो एकच विषय असतो. होडी ठरवते की कोणता डाव परवडेल. दोरीवरचा हात ठरवतो की होडी कागदावर आहे तितकी पाण्यात आहे का. आणि डोळा ठरवतो की आत्ता, या क्षणी, काय करायचं. तिघांतला एक जरी काढला तरी ७८ सेकंदांचा हिशेब लागत नाही.

पुरावा हवा तर चार वर्षं पुढे चला. १९८७, फ्रीमँटल. आता पंखांची कील सगळ्यांकडे होती. गुपित संपलं. मग जिंकलं कोण? डेनिस कॉनर, आणि तेही ४–०. त्याची ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ होडी तिथल्या दुपारच्या जोरदार वाऱ्यासाठी, उंच लाटांसाठी बांधलेली होती. १९८३ मध्ये त्याला हरवणारं हत्यार आता दोन्ही बाजूंना होतं, म्हणजे ते हिशेबातून वजा झालं. उरलं काय? वाऱ्याचा अंदाज, सौदा कुठे करायचा याचा निर्णय, आणि सराव.

मग पंखांची गोष्ट इतकी का टिकली? आमचं उत्तर असं, की ती सगळ्यांना सोयीची आहे. हरणाऱ्याला ती म्हणते, तू माणसांकडून हरला नाहीस, यंत्राकडून हरलास. जिंकणाऱ्या देशाला ती एक प्रतिभावंत देते. पण सोयीच्या गोष्टीची किंमत असते. एकच हत्यार मानलं की त्याचा एकच निर्माता लागतो. त्या कीलच्या चाचण्या नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेच्या जलकुंडात झाल्या होत्या. पुढे तिथल्या पीटर फान ओसानेन या संशोधकानं मोठा वाटा आपल्या लोकांचा होता असा दावा केला, ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं तो फेटाळला गेला. तोपर्यंत लेक्सन हयात नव्हता. तो १९८८ मध्येच गेला. हा वाद इतका कडवट का झाला? कारण आपण सगळा विजय एका शिशाच्या तुकड्यात कोंबला होता. त्यात दोन नावांना जागा उरली नाही. आणि दोरीवरच्या अकरा माणसांना तर कधीच नव्हती.

सिनेमानंही हेच केलं. कॅरोल बॅलर्डचा १९९२ चा ‘विंड’ याच काळावर बेतलेला आहे. आम्हाला तो आवडतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल तक्रार आहे. त्यात डेकवरचं काम जसं दिसतं तसं क्वचितच कुठे दिसतं. ओल्या दोऱ्या, घाई, ओरडणं, शरीरांवर येणारा ताण. पण शेवटाला आला की तोही एका अवाढव्य, खास शिडाकडे धावतो आणि ते उघडलं की शर्यत फिरते. दीड-दोन तास हातांचं काम दाखवून अखेर श्रेय वस्तूला. कॅमेऱ्याला वस्तू दाखवता येते. निर्णय दाखवणं अवघड असतं.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०१३, सॅन फ्रान्सिस्को. आता ७२ फुटी जोडहोड्या, कापडी शिडाऐवजी ताठ पंख, आणि पाण्यावर उचलली जाणारी होडी. ओरॅकलचा संघ ८–१ नं मागे होता, तिथून तो ९–८ नं जिंकला. लगेच गोष्टी सुरू झाल्या. कोणी म्हणालं तंत्रज्ञान, कोणी म्हणालं कर्णधार जिमी स्पिटहिलची जिद्द. पण झालं काय होतं? त्यांनी मालिका चालू असताना होडीत बदल केले. डावपेचांच्या जागी बेन एन्स्लीला आणलं. वाऱ्याच्या तोंडावरही होडी पाण्यावर उचलून चालवायला ते शिकले, आणि रोज थोडं जास्त शिकले. आणि हो, न्यूझीलंड विजयापासून एका शर्यतीवर असताना, स्पष्ट आघाडीवर असताना, मंद वाऱ्यामुळे ४० मिनिटांची मुदत संपली आणि ती शर्यत रद्द झाली. यातलं एक कारण उचलून ‘यामुळे’ म्हणणारा माणूस आम्हाला भेटला की आम्ही हल्ली गप्प बसत नाही.

शेवटी एवढंच. कोणी म्हणेल, चाळीस वर्षांपूर्वीच्या शर्यतीचं कारण नेमकं सांगून काय मिळणार? आम्हाला वाटतं, खूप काही. आज एखादी मुलगी लहानशा होडीत बसून शीड धरायला शिकते. तिला आपण कोणती गोष्ट सांगतो त्यावर ती काय शिकेल ते ठरतं. ‘पंखांनी जिंकलं’ सांगितलं, तर हरल्यावर ती दुसऱ्याच्या होडीकडे बघेल, आणि तिचे आईवडील नव्या शिडाच्या किमतीकडे. ‘कॉनर चुकला’ सांगितलं, तर ती धोका घ्यायला घाबरेल. आणि त्या पाचव्या टप्प्याचा पूर्ण हिशेब सांगितला, तर कदाचित ती मागे वळून पाण्याचा रंग बघेल, दोरी दोन बोटं सैल सोडेल आणि शेजारच्याला विचारेल, “जोर आला का?”

हे विचारायला पंख लागत नाहीत.